पत्ता तीन ओळींत लिहा: चेतापेशीतली कॅल्शियमची दारं शोधताना

गेल्या पावसाळ्यात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. चेतापेशीचं चित्र सुरेख काढलं होतं. बाहेरच्या पटलावर बारा-पंधरा लाल ठिपके होते आणि बाण काढून लिहिलं होतं, ‘कॅल्शियम सोडणारे रिसेप्टर’. मी विचारलं, “हे कॅल्शियम कुठून सोडतात?” ती म्हणाली, “पेशीच्या आतल्या साठ्यातून, मॅडम.” “मग दार बाहेरच्या भिंतीला कसं?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रिसेप्टर म्हटलं की पटलावरच असणार, असं धरून चालले मी.”

ही चूक दर वर्षी होते आणि तिच्यात मुलांचा दोष फारसा नाही. रिसेप्टर म्हणजे ठरावीक रेणू चिकटला की कामाला लागणारं प्रथिन, आणि ते शिकवताना आपण नेहमी पेशीबाहेरून येणाऱ्या रेणूचं उदाहरण देतो. त्या दिवशी आम्ही दोघी प्रयोगशाळेत दोन तास बसलो. तिला ज्या क्रमाने सांगितलं, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. नाशिकमध्ये बसून, महागडं यंत्र नसताना, या रिसेप्टरचा ठावठिकाणा कसा शोधायचा आणि शोधल्यावर तो कसा वाचायचा, एवढाच विषय आहे.

आधी पेन्सिल घ्या

चेतापेशी पानभर मोठी काढा: पेशीकाया, फांद्यांसारख्या वृक्षिका, एक लांब अक्षतंतू. वृक्षिकांवर बाभळीसारखे बारीक काटे काढायला विसरू नका. स्पाइन म्हणतात ते हेच, आणि पुढची अर्धी गोष्ट यांच्यातच घडते.

आता दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीच्या आतलं पटलाच्या नळ्यांचं जाळं, काढा. शाळेच्या पुस्तकात ती केंद्रकाजवळ चार-पाच घड्यांची दाखवतात आणि विषय संपवतात. चेतापेशीत तसं नसतं. केंद्रकाच्या आवरणापासून निघालेलं हे जाळं वृक्षिकांच्या टोकापर्यंत आणि अक्षतंतूच्या शेवटापर्यंत सलग जातं. १९९४ साली तेलाच्या थेंबात विरघळवलेला चमकणारा रंग लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशीत टोचला, तेव्हा तो या पटलातून सरकत सरकत वृक्षिकांत आणि काट्यांतही पोचला. जाळं तुटक असतं तर हे झालं नसतं. म्हणून चित्र काढताना रेघ कुठेही तोडू नका.

हे जाळं कॅल्शियमचा साठा आहे. शांत पेशीच्या द्रवात कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं. पेशीबाहेर ते एक मिलिमोलरच्या वर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. जाळ्याच्या पोटात शेकडो मायक्रोमोलर, तेही द्रवाच्या हजारो पट. सर्का नावाचा पंप ऊर्जा खर्च करून कॅल्शियम सतत आत भरत राहतो, आणि ते बाहेर सोडणारी दारं याच जाळ्याच्या पटलात बसवलेली असतात.

दार काढताना दिशा सांभाळा. या प्रथिनांचा बराच मोठा भाग, जाडजूड डोक्यासारखा, पेशीच्या द्रवात बाहेर आलेला असतो आणि पटलात रोवलेला भाग लहान असतो. भूछत्र जमिनीतून वर यावं तसं. डोकं नळीच्या आत काढलंत तर चित्र उलटं झालं, कारण दार उघडायचा निरोप द्रवाच्या बाजूने येतो.

दोन घराणी

पहिलं आयपी-३ रिसेप्टरचं. पेशीच्या पटलावर ग्लुटामेटसारखा निरोप आला की आत आयपी-३ नावाचा छोटा रेणू तयार होतो. तो पटलापासून सुटून जाळ्यापर्यंत जातो आणि या रिसेप्टरला चिकटतो. सोबत थोडं कॅल्शियमही लागतं. थोडं असेल तर दार सहज उघडतं, फार झालं तर तेच कॅल्शियम दार बंद करतं.

दुसरं रायनोडिन रिसेप्टरचं. याला उघडणारा मुख्य निरोप म्हणजे कॅल्शियमच. बाहेरून थोडं आलं की हा आतलं पुष्कळ सोडतो. चार सारखे तुकडे मिळून एक दार होतं आणि प्रत्येक तुकड्यात सुमारे ५००० अमिनो आम्लं असतात. माहीत असलेल्या आयन-मार्गांत हे सर्वांत मोठं. आयपी-३ रिसेप्टरही चार तुकड्यांचा, पण प्रत्येक तुकडा सुमारे २७०० अमिनो आम्लांचा.

रायनोडिन हे नाव रायानिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या झाडापासून आलं. त्या झाडाचा अर्क कीटकनाशक म्हणून वापरात होता. निफाड-पिंपळगावकडून येणाऱ्या मुलांना मी इथे थांबवते, कारण त्यांच्या घरात या रिसेप्टरची गाठ आधीच पडलेली असते. टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल फवारतात ना, ते अळीच्या रायनोडिन रिसेप्टरवरच काम करतं. दारं उघडी राहतात, स्नायूंतला कॅल्शियमचा साठा वाहून जातो, अळी लुळी पडते आणि खाणं सोडते. कीटकांचा रिसेप्टर आपल्यापेक्षा पुरेसा वेगळा असल्यामुळे हे औषध कीटकांवर कितीतरी पट जास्त चालतं. वडिलांच्या फवारणीच्या पंपात जे आहे त्याचं लक्ष्य आपल्या वहीतल्या चित्रात आहे, हे कळलं की मुलं पुढे सरकून बसतात.

ठिकाणाला एवढं महत्त्व का

नवख्या वाचकाला वाटतं, कॅल्शियम सुटलं की पेशीभर पसरत असेल, मग दार इथे काय आणि तिथे काय. पण पेशीच्या द्रवात कॅल्शियमला धरून ठेवणारी प्रथिनं खच्चून भरलेली असतात. सुटलेला आयन फार दूर जाण्याआधीच पकडला जातो, शिवाय पंप त्याला परत ओढत असतात. त्यामुळे दार उघडल्यावरचा जोराचा परिणाम दाराजवळच असतो.

द्राक्षबागेतलं ठिबक डोळ्यांपुढे आणा. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असते, पाणी सगळीकडे तेच, पण ओल होते ती ड्रिपरखालीच. ड्रिपर खोडापासून दूर गेला तर मुळं कोरडी राहतात. मीटरवर पाणी तेवढंच दिसतं, वेल मात्र वाळतो. जालिका म्हणजे लॅटरल, रिसेप्टर म्हणजे ड्रिपर. दाखला एका जागी कमी पडतो: ड्रिपरमधून पाणी एकदा गेलं की गेलं, इथे पंप तेच कॅल्शियम पुन्हा नळीत भरतो.

म्हणूनच मी मुलांना सांगते, पत्ता तीन ओळींत लिहा. मेंदूचा कुठला भाग, त्यातली कुठली पेशी, त्या पेशीचा कुठला भाग. ‘मेंदूत असतो’ हा पत्ता झाला नाही. ‘पंचवटीत राहतो’ म्हटल्यावर पोस्टमन काय करील?

पहिली ओळ हाताने शोधा: मटणाच्या दुकानातून

बोकडाचा भेजा सांगून ठेवला तर दुकानदार अख्खा काढून देतो. ‘तुकडे करू नका, अभ्यासाला हवा’ असं आधीच सांगा, नाहीतर सवयीने सुरी चालते. घरी आणून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे कापताना चुरगळणार नाही. हातमोजे घाला. ती पाटी आणि सुरी नंतर स्वयंपाकात वापरू नका.

मागच्या बाजूला बारीक, समांतर घड्यांचा जो गोळा दिसतो तो लहान मेंदू, पुस्तकी भाषेत अनुमस्तिष्क. बरोबर मधोमध उभा काप घ्या. आत पांढरी फांदी फुटलेली दिसेल, झाडासारखी. पांढरे ते तंतू, आणि कडेचा करडा थर जिथे आहे तिथे आपल्याला हव्या असलेल्या पेशी. नुसत्या डोळ्यांनी पेशी दिसणार नाही, पण पुढे पडद्यावर जे चित्र उघडाल त्यातली जागा तुमच्या ओळखीची असेल.

दुसरी ओळ: पर्किंजे पेशी

लहान मेंदूची तयार स्लाइड हवी. वैद्यकीय, दंत किंवा आयुर्वेद महाविद्यालयात कुणी ओळखीचं असेल तर हिस्टॉलॉजीच्या पेटीत ती बहुधा सापडते. आधी कमी भिंगाने थर ओळखा, मग चाळीसच्या भिंगावर या. बाहेरचा फिकट थर आणि आतला दाण्यांनी गच्च भरलेला गडद थर यांच्या मधोमध मोठ्या, सुरईच्या आकाराच्या पेशी एका रांगेत बसलेल्या दिसतात. यान पर्किंजे यांनी १८३७ साली वर्णन केलेल्या या पेशी. साध्या रंगात वृक्षिका पुऱ्या दिसत नाहीत. प्रत्यक्षात त्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावर लाखाहून जास्त जोडण्या होतात.

इथून सुरुवात करायला सांगते त्याला कारण आहे. मेंदूत आयपी-३ रिसेप्टर सर्वांत दाट कुठे, तर या पेशींत. तो सापडलाही इथेच. ज्या उंदरांमध्ये पर्किंजे पेशी नीट वाढत नाहीत त्यांच्या लहान मेंदूत एक मोठं प्रथिन कमी पडतं, असं जपानमधल्या कात्सुहिको मिकोशिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. त्याला नाव दिलं होतं पी-४००. काम काय ते ठाऊक नव्हतं. १९८३ साली आयपी-३ पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडतो हे वेगळ्याच ऊतीत, स्वादुपिंडाच्या पेशींत, सिद्ध झालं. आणि १९८९ साली पी-४०० ची पूर्ण रचना हाती आली तेव्हा कळलं की आयपी-३ चा रिसेप्टर तो हाच. पत्ता आधी मिळाला, माणूस नंतर ओळखला गेला.

माणसांत या रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत गमावली गेली तर हळूहळू वाढणारा तोल जाण्याचा आजार होतो. पेशीच्या रोजच्या व्यवहाराला लागणारं प्रथिन शरीरात अनेक ठिकाणी असतं, पण त्रास दिसतो तो चालण्यात आणि बोलण्यात, म्हणजे लहान मेंदूच्या कामांत. वरच्या दोन ओळी लिहिल्या असतील तर याचं कारण कुणी सांगायला लागत नाही.

पडद्यावरचा नकाशा, आणि मी केलेली चूक

आता संगणक. ॲलन ब्रेन ॲटलस फुकट आहे. त्यात उंदराच्या मेंदूचा विभाग उघडा आणि जनुकाचं नाव टाका: आय, टी, पी, आर आणि एकचा आकडा, मध्ये जागा न सोडता. उभ्या कापांची मालिका निवडा. लहान मेंदूच्या घड्यांमधून पर्किंजे पेशींची रांग गडद उमटलेली दिसेल, तुम्ही भेज्यात पाहिलेल्या त्याच घड्या. पुढे सरका, हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागात सीए-१ नावाचा पट्टा ठळक दिसेल. मग आर, वाय, आर आणि दोन टाकून तेच काप पुन्हा पाहा. रायनोडिन रिसेप्टरच्या तीन प्रकारांपैकी हृदयातला म्हणून ओळखला जाणारा हा दुसरा प्रकार मेंदूत सर्वांत जास्त असतो. पहिला प्रकार मुख्यतः हाडांना जोडलेल्या स्नायूंचा, पण पर्किंजे पेशींतही ठळक. तिसरा थोडा, मोजक्या भागांत.

इथे जपायला हवं. एमएस्सीला असताना मी हेच नकाशे पाहून सेमिनार दिला आणि ठामपणे सांगितलं की आयपी-३ रिसेप्टर पर्किंजे पेशीच्या पेशीकायेत असतो, कारण गडद रंग तिथेच होता. मागच्या बाकावरून एक प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही प्रथिन दाखवताय की त्याचा निरोप?” मला उत्तर आलं नाही. त्या नकाशात रंगतो तो संदेशवाही आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप, आणि तो बहुतेक वेळा पेशीकायेतच जास्त असतो. प्रथिन तिथे तयार होऊन कुठे जातं ते या चित्रात दिसत नाही. (याच जनुकाचा आरएनए काही प्रमाणात वृक्षिकांतही जातो, पण नियम म्हणून ते धरू नका.) म्हणजे हा नकाशा पहिल्या दोन ओळींसाठी. तिसरी ओळ त्यावरून लिहिली की चूक ठरलेली. ती लाज माझ्या अजून लक्षात आहे, म्हणून इतकं बजावून सांगते.

प्रथिनासाठी स्वीडनमधून चालणारा ह्यूमन प्रोटीन ॲटलस उघडा. तिथे माणसाच्या ऊतींचे, प्रतिपिंडांनी (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रथिनांनी) रंगवलेले काप असतात. लहान मेंदूचा काप मोठा करून बघा आणि स्वतःला विचारा: रंग पेशीकायेत थांबतो की बाहेरच्या फिकट थरात, जिथे वृक्षिका पसरतात तिथेही पोचतो?

तिसरी ओळ, आणि सगळ्यात सुंदर गोष्ट

१९९१ साली कोंबडीच्या पर्किंजे पेशींत दोन्ही घराण्यांचे रिसेप्टर एकाच वेळी शोधले गेले. पेशीकायेत दोन्ही. वृक्षिकांच्या दांड्यात दोन्ही. काट्यांत मात्र फक्त आयपी-३ रिसेप्टर, रायनोडिन नाही.

१९९३ साली रॅटच्या मेंदूचे काप तपासले तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ पेशींत याच्या उलट दिसलं. काट्यांत रायनोडिन रिसेप्टर, आणि आयपी-३ रिसेप्टर मुख्यतः दांड्यात आणि पेशीकायेत.

हे दोन परिच्छेद वहीत शेजारी शेजारी लिहा. प्रथिनं तीच, जाळं तेच, पण दोन पेशींनी काट्याच्या दाराला वेगवेगळं कुलूप लावलं आहे. पर्किंजेच्या काट्यातलं दार उघडायला ग्लुटामेट येऊन आयपी-३ तयार व्हावा लागतो. १९९८ साली जिवंत पेशींत हे प्रत्यक्ष दिसलं: पर्किंजेच्या काट्यांशी जोडलेल्या समांतर तंतूंनी निरोप दिला की कॅल्शियम त्याच काट्यांत आणि बारीक फांदीत वाढतं, सगळ्या पेशीत नाही. सीए-१ च्या काट्यात मात्र बाहेरून येणारं कॅल्शियमच आतलं दार उघडू शकतं. तिथेही सगळ्या काट्यांत जाळं नसतं. मोठ्या काट्यांत ते जास्त वेळा सापडतं, कधी चकत्या रचून ठेवल्यासारखं. ती रचना एडवर्ड ग्रे यांनी १९५९ साली वर्णन केली.

ठिकाण बदललं तर काय होतं, याचा मला माहीत असलेला सगळ्यात स्वच्छ पुरावा काही उंदरांत आणि रॅटमध्ये आहे. त्यांच्यात मायोसिन-५ए या ओढून नेणाऱ्या प्रथिनात दोष असतो. जालिका पर्किंजे पेशीच्या दांड्यापर्यंत व्यवस्थित येते, पण काट्यात शिरत नाही. रिसेप्टर आहे, साठा आहे, पंप आहे. फक्त शेवटच्या एका मायक्रोमीटरचं अंतर राहून गेलं आहे. अशा प्राण्यांत काट्यातलं कॅल्शियम सुटत नाही आणि जोडणीची ताकद दीर्घकाळ कमी करण्याची, शिकण्याशी जोडली जाणारी, प्रक्रिया होत नाही. २००० साली हे दाखवलं गेलं. वर्गात मी हे सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, ड्रिपर बुंध्यापासून सरकला.” हो, तेच.

प्रतिपिंडाचं चित्र वाचताना

साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. काट्याचं डोकं अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, मान त्याहून कितीतरी बारीक. तेव्हा चमकणाऱ्या हिरव्या ठिपक्यांच्या फोटोवरून ‘काट्यातच आहे’ असं कुणी म्हणालं, तर विचारा की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं का. तिथे प्रतिपिंडाला सोन्याचे कण चिकटवतात आणि काळा ठिपका जाळ्याच्या पटलाशी पडला की नाही ते बघतात. प्रतिपिंडाची स्वतःची लांबी मध्ये येते, त्यामुळे कण पटलापासून थोडा दूर पडला तरी चालतो.

दुसरा प्रश्न: ज्या प्राण्यात हे जनुकच काढून टाकलं आहे, त्याच्या कापावर हाच प्रतिपिंड लावला का? तिथेही रंग आला, तर तो प्रतिपिंड भलतंच काही धरतो आहे. फोटो कितीही देखणा असला तरी मग तो बाजूला ठेवा.

तिसरा प्रश्न नाशिककराला शिकवावा लागत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत येतं, पण आपण विचारतो, पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं. रंगाच्या तीव्रतेचंही तसंच आहे. आकडा नुसता उपयोगाचा नाही. सोबत काट्याची, दांड्याची किंवा टोकाची खूण दाखवणारा दुसरा रंग हवा.

बाकीच्या जागा थोडक्यात

केंद्रकाचं आवरण या जाळ्याचाच भाग, तिथेही रिसेप्टर असतात. जाळं तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला) जिथे चिकटून जातं तिथे आयपी-३ रिसेप्टरमधलं कॅल्शियम थेट तिच्यात शिरतं. पेशीकायेत बाहेरच्या पटलाला खेटून जाळ्याच्या चपट्या पिशव्या असतात, तिथे रायनोडिन रिसेप्टरचे पुंजके सापडतात. अक्षतंतूच्या टोकांतही रायनोडिन रिसेप्टर आढळले आहेत. आणि चेतापेशींच्या शेजारच्या तारकापेशी विसरू नका: त्यांच्यात आयपी-३ रिसेप्टरचा दुसरा प्रकार जास्त असतो, चेतापेशींत पहिला. पूर्ण मेंदू वाटून एकत्र मोजलेल्या आकड्यात हे दोन्ही मिसळतात.

आता वहीचं ते पान पुन्हा उघडा आणि बाहेरच्या पटलावरचे ठिपके खोडा. उजव्या बाजूला चार रकाने आखा: भाग, पेशी, पेशीतली जागा, आणि कशावरून. शेवटच्या रकान्यात ‘आरएनए’, ‘प्रतिपिंड’, ‘सोन्याचे कण’ किंवा ‘जिवंत पेशीतलं मोजमाप’ यांपैकी जे असेल ते लिहा, प्राणी कुठला तेही लिहा. पहिल्या दोन नोंदी पर्किंजे आणि सीए-१ च्या करा. तिसरी नोंद म्हणून हिप्पोकॅम्पसमधल्या सीए-३ भागातला रायनोडिन रिसेप्टर घ्या, आणि त्याची तिसरी ओळ भरायच्या आधी निदान दोन वेगळ्या पद्धतींची चित्रं शोधा.